आप्पांच्या हॉलमधली हलगी

शिवलीलाच्या कानातलं गाणं रोज सकाळी मध्येच तुटायचं, आणि ते तुटलं की तिला बरं वाटायचं.

सर्जापूर रोडवरच्या घरून ती कंपनीच्या बसनं मारतहळ्ळीच्या ऑफिसला जायची. खिडकीशेजारची जागा, कानात गाणं. बस कुठंतरी सिग्नलला खोळंबलेली असताना गाणं एकदम गप्प व्हायचं आणि फोनवर अक्षरं उमटायची, ‘आता हॉलमध्ये चालू आहे.’ हा हॉल तिच्या घरचा नव्हता. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, राजाजीनगरमध्ये, तिचे वडील आप्पाजी एकटे राहायचे. त्यांच्या हॉलमध्ये टीव्हीशेजारी तिनंच एक स्पीकर आणून ठेवला होता. तोंडानं सांगितलं की गाणी लावणारा. गाण्यांची वर्गणी एकच होती, शिवलीलाच्या नावावर, आणि त्या वर्गणीत एका वेळी एकाच ठिकाणी गाणं वाजायचं. आप्पांनी मागितलं की लेकीचं बंद.

“घरातल्या सगळ्यांना मिळून असती ती वर्गणी घे की,” तिचा नवरा महांतेश म्हणायचा. “रोज काय ते अर्धं गाणं ऐकायचं.”

ती हो म्हणायची आणि घ्यायची नाही. खरं कारण तिनं त्यालाही सांगितलं नव्हतं. गाणं तुटलं म्हणजे आप्पा उठले, त्यांची आंघोळ झाली, चहा झाला, स्वतःच्या पायांनी हॉलमध्ये आले आणि बोलले. एवढं सगळं तिला फोन न करता कळायचं. फोन केला की आप्पा वैतागायचे. “मला काय झालंय म्हणून सारखा फोन? तू आपलं काम कर की,” म्हणायचे, आणि ठेवून द्यायचे.

काळजी करणं हा तिचा लहानपणापासूनचा स्वभाव होता. घर निपाणीला, आणि वडील बेंगळुरूला राजाजीनगरच्या एका कारखान्यात पत्र्याच्या प्रेसवर. सुट्टी मिळाली की यायचे, रात्रीच्या बसनं परत जायचे. ते गेले की दुसऱ्या दिवशी समोरच्या वाण्याच्या दुकानात फोन यायचा, “पोचलो म्हणून सांगा.” तो निरोप येईपर्यंत शिवलीला जेवायची नाही. ताट पुढं घेऊन बसायची, पण कान दुकानाकडं. आई, चंद्राबाई, चिडायची. म्हणायची, “बस उलटली असती तर एव्हाना कळलं असतं, जेव आता.” त्यानं घास आणखीच अडकायचा. पुढं सगळं घर बेंगळुरूला आलं, तिचं शिक्षण झालं, कंपनीत पगारपत्रकं बघायची नोकरी लागली, लग्न झालं. कान मात्र तसेच राहिले. महांतेशची गाडी खाली लागल्याचा आवाज आल्याशिवाय ती झोपायची नाही. चंद्राबाई आजारी पडून गेली आणि आप्पा एकटे उरले, तेव्हापासून ते कान राजाजीनगरकडं लागले.

स्पीकर आणला त्या दिवशी आप्पांनी त्याच्याकडं बराच वेळ संशयानं पाहिलं होतं. त्या यंत्राला तारा अशी हाक मारायची असते हे कळल्यावर म्हणाले, “बाईमाणसाला नुसतं तारा कसं म्हणायचं?” तेव्हापासून ती ताराबाई झाली. ताराबाईंना आप्पांची मराठी कळत नव्हती आणि त्यांची कन्नडही कळत नव्हती. शेवटी त्यांनी निपाणीच्या बाजारातलं हिंदी काढलं. “ताराबाई, जरा भजन लगाव.” ते तिला कळलं. सकाळी कन्नड वचनं, मग अभंग, कधी नाट्यगीतं, आणि जेवायच्या आधी “ताराबाई, बस करो.” मग जेवण, मग झोप. या क्रमात कधी बदल नसायचा.

एक गोष्ट मात्र त्यांनी हट्टानं करून घेतली. त्या यंत्रावरून थेट घरात बोलता यायचं, घरातून तिला फोनही लावता यायचा. शिवलीलानं आपल्या फोनवरून हाक मारली तर ती हॉलमध्ये ऐकू गेली असती. आप्पांनी ते बंद करायला लावलं. “माझ्या घरात कुणी कान लावून बसलेलं मला चालायचं नाही. तू पण नको.” तिनं बंद केलं; पुन्हा चालू करायचं तर त्या यंत्रापाशीच जाऊन करावं लागणार होतं.

आयुष्यभर प्रेसच्या दणक्यात काम केल्यानं आप्पांचे कान मंद झाले होते. त्यामुळं गाणी मोठ्यानं लागायची, आणि वरच्या मजल्यावर शेषगिरी राहायचे. शेषगिरी बँकेतून निवृत्त झालेले, कन्नड, पातळ अंगाचे आणि पातळ झोपेचे. गणपतीच्या आधी एकदा ते खाली आले आणि म्हणाले, हे घर आहे का मंगल कार्यालय? आप्पांनी दार लावून घेतलं. त्या दिवसापासून दोघं जिन्यात समोरासमोर आले तरी भिंतीकडं बघून जायचे. मग शिवलीलानं परस्पर एक युक्ती केली. फोनवरून तिला हॉलमधला आवाज कमी-जास्त करता येत होता. ऑफिसात बसल्या बसल्या ती अधूनमधून आवाज हळूच खाली आणायची. आप्पांना वाटायचं, यंत्र जुनं होत चाललंय. “ताराबाई दमतात आताशा,” असं ते तिला गंभीरपणे सांगायचे.

त्या दिवशी सकाळीही बसमध्ये गाणं वेळेवर तुटलं. शिवलीलानं कानातलं काढून पिशवीत टाकलं आणि कामाला लागली. महिनाअखेर होती, पगाराची घाई होती. दुपारी जेवायच्या आधी तिला जरा डोकं शांत करावंसं वाटलं म्हणून तिनं गाणं लावायला फोन उघडला. वर तीच अक्षरं. हॉलमध्ये चालू आहे.

आप्पांची जेवायची वेळ झाली असणार, मग अजून कसं चालू? तिनं स्वतःचं गाणं लावलं नाही. ऐकत असतील, आपण कशाला तोडायचं.

जेवून आल्यावर तिनं पुन्हा पाहिलं. हॉलमध्ये गाणं चालूच होतं. पण कुठलं, ते तिनं दोनदा वाचलं. इंग्रजीतलं कुठलं तरी धडाधड बोलण्याचं गाणं, वर एका टोपी उलटी घातलेल्या मुलाचं चित्र. तिनं आधी काय काय वाजलं ते उघडून पाहिलं. सकाळची वचनं होती, मग अभंग होते, आणि अभंग संपल्यावर यंत्रानं आपल्याच मनानं एकामागून एक गाणी लावत नेली होती. भजनावरून हिंदी भजन, त्यावरून सिनेमातलं काहीतरी, आणि घसरत घसरत इथपर्यंत.

असं पूर्वी एकदा झालं होतं, तेव्हा आप्पांनी दोन ओळी ऐकून “बस करो, बस करो” असं ओरडून घर डोक्यावर घेतलं होतं आणि वर तिला फोन करून ताराबाईंची तक्रार केली होती. ते घरात असते, जागे असते, तर हे वाजूच शकलं नसतं.

तिनं आप्पांना फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

शेजारच्या टेबलावर भार्गवी बसायची. पुण्याहून वर्षभरापूर्वी आलेली, तिशीची. शिवलीलाचं ‘मी येतो’, ‘मी जातो’ ऐकून तिला सुरुवातीला हसू यायचं. मग तिला कळलं की निपाणी-बेळगावकडच्या बायका असंच बोलतात. शिवलीलाचा चेहरा बघून ती म्हणाली, “काय झालं गं?”

“आप्पा फोन उचलंनात.”

“झोपले असतील. नाहीतर फोन सायलेंटवर असेल. माझे बाबा तर फोन फ्रिजवर विसरतात. तू रिलॅक्स हो आधी.”

“झोपायच्या आधी ते गाणं बंद करतात. आज केलं नाही.”

“विसरले असतील ना.”

शिवलीला फोनकडं वळली. तिनं फोनवरून हॉलमधलं गाणं थांबवलं. आप्पा तिथं असतील, नुसते डोळे मिटून पडले असतील, तर गाणं गेलेलं त्यांच्या लक्षात येईल आणि ते पुन्हा लावायला सांगतील, असा तिचा हिशेब होता. ती पडद्याकडं बघत बसली. हॉल गप्प होता. तिनं स्वतः पुन्हा अभंग लावून दिले, थोडा वेळ वाजू दिले, पुन्हा थांबवले. पलीकडून काही नाही. विहिरीत पोहरा सोडावा आणि तो पाण्याला लागूच नये, तसं तिला झालं.

“मी जातो,” ती उठली.

भार्गवीनं पुढं काही समजूत घातली नाही. तिनं आपल्या फोनवरून गाडी बोलावली आणि साहेबांना मी सांगते म्हणाली. “मी येऊ का बरोबर?” असंही विचारलं. शिवलीलानं मान हलवली. बरोबर कुणी असलं की आपल्याला रडू येईल अशी तिला भीती वाटत होती.

गाडी मिळाली, पण रस्ता मिळेना. मारतहळ्ळीच्या पुलाखाली सगळं तुंबलं होतं. ड्रायव्हर म्हणाला, “स्वल्प जाम इदे मॅडम.” थोडा जाम आहे. थोडा नव्हता. पुढच्या टेम्पोच्या मागच्या फळीवरची अक्षरं तिला पाठ होतील इतका वेळ गाडी हलली नाही. घराची जादा किल्ली तिच्या पर्समध्ये असायची. ती किल्ली मुठीत धरून ती बसली, आणि राजाजीनगर इथून किती लांब आहे ते तिला पहिल्यांदाच असं अंगावर येऊन कळलं.

महांतेश हुबळीला कामावर गेलेला. त्याला फोन केला तर तो म्हणाला, “शेजारी कुणी नाही का?”

शेजारी कोण होतं? इमारतीत घरं चार. एक कुलूपबंद, एकात दोघं नोकरीवाले, दिवसभर बाहेर. राहता राहिले शेषगिरी. त्यांचा नंबर तिच्याकडं नव्हता. त्यांच्या बायकोचा, धनलक्ष्मी अक्कांचा होता. आई गेली तेव्हा त्यांनी तो दिला होता. शिवलीलानं तो लावला. अक्कांनी लगेच उचलला, पण त्या म्हैसूरला मुलीकडं होत्या.

शिवलीलानं कन्नडमध्ये सगळं सांगितलं. अक्का म्हणाल्या, “थांब, मी ह्यांना फोन करते.” थोड्या वेळानं त्यांचाच फोन आला. “उचलत नाहीत गं. दुपारी झोपताना फोन कपाटात ठेवून देतात. बेल वाजवली तरी उठत नाहीत, सेल्समन असेल म्हणून पडून राहतात. तुला खोटं वाटेल, पण माझी हाकसुद्धा त्यांना ऐकू येत नाही. तुझ्या वडिलांचं गाणं तेवढं ऐकू येतं. त्यानं मात्र ताडकन उठून बसतात.”

अक्का हे सहज बोलून गेल्या. शिवलीलाचा हात मात्र तिथंच थांबला.

“अक्का,” ती म्हणाली, “तुम्ही त्यांना फोन लावतच राहा. मी त्यांना उठवतो.”

हॉलमधला आवाज तिनं पार शेवटपर्यंत नेला. मग काय लावायचं? अभंगानं काम होण्यासारखं नव्हतं. तिनं घाईघाईनं शोधात ‘हलगी’ असं लिहिलं. निपाणीला उरुसात, मिरवणुकीत जी हलगी वाजायची, जिच्या जवळ उभं राहिलं की छातीचा पिंजरा हलायचा, तसलं काहीतरी तिला हवं होतं. एक लांबलचक वादन सापडलं. हॉल असं निवडून तिनं बटण दाबलं.

गाडीत अर्थातच काही ऐकू आलं नाही. ए.सी.चा आवाज आणि बाहेरचे भोंगे, बस्स. फोनच्या पडद्यावर एक रेघ मुकाट्यानं पुढं सरकत होती. आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला, बंद घरात, हलगी कडाडत असणार. तिच्या मनात आलं, आप्पा जमिनीवर पडले असतील तर त्यांच्या कानाशी आपण हे काय लावलंय. ते हाक मारत असतील तर ती हाक आपणच बुडवतोय. तिनं चटकन थांबवलं.

थांबवल्यावर वाटलं, शेषगिरी जेमतेम कूस बदलत असतील आणि पुन्हा झोपी जातील. पुन्हा लावलं.

मग तिनं एक धोरण ठरवलं. हलगी थोडा वेळ वाजू द्यायची, मग बंद ठेवायची. वाजेल तेव्हा शेषगिरी उठतील, बंद असेल तेव्हा आप्पांची हाक कुणाच्या तरी कानावर पडेल. वाजवणं, थांबवणं, वाजवणं. ड्रायव्हर आरशातून पाहत होता. या बाई घामाघूम होऊन फोनवर कसला खेळ खेळतायत असंच त्याला वाटलं असावं. एका बोगद्यात गाडी शिरली आणि फोनची रेंज गेली. हलगी चालू होती की बंद, तेच तिला आठवेना. बाहेर पडल्यावर तिनं आधी पडदा पाहिला. चालू होती. तिनं बंद केली.

तेवढ्यात धनलक्ष्मी अक्कांचा फोन. “उठले. फोन उचलला आत्ता. भयंकर चिडलेत. तुझ्या वडिलांना आज सोडणार नाही म्हणतायत. मी सांगायला लागले तर ऐकून न घेताच खाली गेले. फोन चालूच आहे वाटतं त्यांच्या हातात, मला जिन्याचा आवाज येत होता.”

“अक्का, ते दारावर थांबू देत. जाऊ नका म्हणावं.”

“ऐकलं तर सांगते,” अक्का म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

आता काही वाजवायचं नव्हतं. वाट बघायची, एवढंच उरलं. शिवलीलाला तेच कधी आलं नव्हतं. वाटेत काय काय लागलं ते तिला नंतर आठवलं नाही. वाण्याच्या दुकानातला काळा फोन मात्र डोळ्यांपुढं येत राहिला, आणि तो वाजत नव्हता. समजा शेषगिरींनी दारावर चार थापा मारल्या, उत्तर आलं नाही, तर ते शिव्या देऊन वर निघून जातील. आणि समजा उत्तर येण्यासारखं काही आत उरलंच नसेल तर? या विचारापाशी ती आली की मन मागं फिरायचं आणि पुन्हा तिथंच येऊन उभं राहायचं.

मग अनोळखी नंबरवरून फोन आला.

“शेषगिरी बोलतोय,” पलीकडून कन्नडमध्ये आवाज आला. त्यात राग होता, पण तो आता कुणावर काढायचा हे त्यांना कळत नसावं. “तुमचे वडील बाथरूममध्ये पडलेत. जिवंत आहेत, बोलतायत. मी मागच्या बोळात बाथरूमच्या झरोक्याखाली उभा आहे.”

तिनं नुसतं “हां” असं काहीतरी केलं.

“पाय उचलता येत नाही म्हणतात. ॲम्ब्युलन्स बोलावली मी. पुढच्या दाराला आतून लॅच आहे. मी म्हटलं, सुताराला बोलावून दार तोडतो, तर हे नको म्हणतात. सागवानी आहे म्हणे. या माणसाचं काय करायचं ते तुम्हीच सांगा.”

“माझ्याकडं किल्ली आहे. मी येतोय. पोचतोच आहे. पण ॲम्ब्युलन्स आधी आली तर दार तोडा, त्यांचं ऐकू नका.”

“तुम्ही येताय हे त्यांना आधीच माहीत आहे,” शेषगिरी म्हणाले. “मला म्हणाले, पोरगी निघाली असंल. कसं कळलं विचारलं तर म्हणतात, गाणं बंद झालं.”

ती पोचली तेव्हा ॲम्ब्युलन्स यायची होती. मागच्या बोळात शेषगिरी लुंगीवर, एका प्लॅस्टिकच्या स्टुलावर उभे राहून झरोक्यातून आत बोलत होते. आप्पांशी इतके महिने न बोललेला माणूस त्यांना गुंतवून ठेवायला काय वाटेल ते विचारत होता. कारखाना कुठला, प्रेस किती टनाचा, निपाणीचा तंबाखू आता पूर्वीसारखा येतो का. आतून आप्पांचा आवाज येत होता, क्षीण, पण मुद्द्याला सोडत नव्हता.

शिवलीलानं दार उघडलं आणि धावत बाथरूमपाशी गेली. बाथरूमची आतली कडी आप्पा कधी लावायचे नाहीत, ते बरं झालं. पण ती दार ढकलणार तोच आतून आवाज आला.

“थांब. तू येऊ नको.”

“आप्पा, मी आहे.”

“कळलं की. आधी धोतर दे. आणि शेषगिरींना आत पाठव.”

ती तशीच थांबली. वाळत घातलेलं धोतर तिनं दोरीवरून ओढलं आणि शेषगिरींच्या हातात दिलं. शेषगिरी काही न बोलता आत गेले. दाराबाहेर उभ्या राहून तिनं ऐकलं. “सावकाश, सावकाश. हा पाय नाही, तो.” मग आप्पांचं कण्हणं. घरात तेवढाच आवाज होता. मग शेषगिरींनी दार उघडलं आणि म्हणाले, “या आता.”

आप्पा भिंतीला पाठ लावून फरशीवर होते, धोतर नीट पांघरलेले. ओठ सुकलेले, चेहरा पांढरा पडलेला. सकाळी गाणी लावून हात धुवायला म्हणून आत गेले आणि पाय सरकला होता; नेसलेलं धोतर पाण्यात भिजून सुटलं होतं. तिनं त्यांचा हात हातात घेतला. तो थंडगार होता.

“ते काय लावलं होतंस गं,” आप्पा म्हणाले. “उरूस उठल्यागत.”

तिला हसू आलं नाही. ती त्यांच्या शेजारी ओल्या फरशीवर बसली आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत उठली नाही.

खुब्याचं हाड मोडलं होतं. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. ती नीट पार पडली. गुंगी उतरल्यावर आप्पांनी तिला सगळं सांगितलं. पडल्यावर त्यांनी ताराबाईंनाच हाका मारल्या होत्या. गाण्याच्या आवाजात त्यांची हाक त्या यंत्रापर्यंत पोचेना. मोबाईल स्वयंपाकघरात वाजत होता, तोही त्यांना अधूनमधून पुसट ऐकू येत होता. मग मध्येच गाणं थांबलं. लाईट गेली वाटलं, तर डोक्यावर बाथरूमचा दिवा चालू. तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की हे शिवलीलाचं काम.

“त्या गप्प झालेल्यात मी ओरडलो की, ताराबाई, पोरीला फोन लगाव,” ते म्हणाले. “तर म्हणती, माफ करा, ही सोय बंद आहे.”

शिवलीला खाली मान घालून त्यांच्या सलाईनच्या हातावरची चादर सारखी करत राहिली.

“मीच बंद करायला लावली होती,” आप्पा म्हणाले, आणि भिंतीकडं तोंड केलं.

दवाखान्यातून ती त्यांना सरळ आपल्या घरी घेऊन आली, सर्जापूर रोडला, बाराव्या मजल्यावर. तिची इच्छा अशी की त्यांनी आता इथंच राहावं. महांतेशनंही तेच सांगितलं. आप्पा हो-नाही काही म्हणायचे नाहीत. वॉकर घेऊन गॅलरीपर्यंत जायचे, खाली बघायचे, परत यायचे. लिफ्टमधल्या माणसांना ते कन्नडमध्ये नमस्कार करायचे. ती माणसं कानातली यंत्रं न काढता हसायची. शिवलीला रात्री उठून त्यांच्या खोलीच्या दारात उभी राहायची आणि श्वास ऐकून परत जायची. एकदा आप्पा अंधारातच म्हणाले, “चालू आहे. जा झोप.”

चालता यायला लागल्यावर त्यांनी आपली पिशवी भरली. भांडण झालं. शिवलीला रडली, दोन दिवस बोलली नाही. शेवटी महांतेश तिला म्हणाला, “त्यांना बांधून ठेवणार आहेस का?” आणि एका रविवारी तिनं त्यांना राजाजीनगरला नेऊन सोडलं. बाथरूममध्ये धरायला दांडे बसवले, खरखरीत फरशी घालून घेतली. स्पीकरवरून बोलायची सोय आप्पांनीच चालू करायला सांगितली.

धनलक्ष्मी अक्का डब्यात बिसीबेळे भात घेऊन खाली आल्या, मागोमाग शेषगिरी. घराची एक किल्ली आता त्यांच्याकडं राहणार होती. ते हॉलमध्ये बसले आणि दांडे चुकीच्या उंचीवर बसवलेत म्हणून आप्पांशी वाद घालू लागले. आप्पाही मागं हटेनात.

निघताना शिवलीलानं शेषगिरींना जिन्यात गाठलं. “काका, एक विनंती आहे. रोज संध्याकाळी मला फक्त एक फोन कराल? ठीक आहेत एवढंच सांगा.”

शेषगिरींनी चष्मा काढून पुसला. “नाही,” ते म्हणाले. “रोज नाही करणार. मी करायला लागलो तर एक दिवस फोन चुकला की तुम्ही गाडी काढून याल. काही झालं तर मी फोन करीन, मध्यरात्री असला तरी. फोन आला नाही तर समजा, ठीक आहे.”

आयुष्यभर तिचं बरोबर याच्या उलट चाललं होतं. निरोप आला तरच ठीक.

“सरी का?” त्यांनी विचारलं. चालेल का?

“सरी,” ती म्हणाली. ते आपल्याला जमेल असं तिला मुळीच वाटत नव्हतं. आतून आप्पांचा आवाज आला, अजून गेली नाही काय ही, म्हणून. तिनं जिन्याचा कठडा सोडला आणि बस गाठायला खाली उतरली.